अनपेक्षित शेतकऱ्याकडून, अपेक्षित शेतकर्‍याकडून

वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमधल्या काही गाळ्यांचं बिलिंग आमच्या टीमकडे आहे, ऑफिस महापेला. प्रत्येक गाळ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाचं बिल, वेगळी. हमाली कोणाच्या अंगावर, तोलाई किती, गाडीभाडं आधी कापायचं की शेवटी, हे सारखं बदलत असतं आणि दर बदलाला कोड उघडून नवीन बिल्ड द्यायचा वैताग आल्यावर आम्ही एक छोटी नियमांची भाषाच करून टाकली, मराठीत, म्हणजे गाळ्यावरचे मेहताजी, हिशोब लिहिणारे, नियम स्वतःच लिहितील. मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा लेक्सर फ्लेक्स या टूलने केलेला, ती टोकन व्याकरणात बसतात का बघणारा पार्सर बायसन या टूलने. नियम असे दिसतात, आकडे नमुन्याचे:

हमाली घ्या शेतकऱ्याकडून पोती * १२
जर पोती > १०० तर तोलाई घ्या खरेदीदाराकडून पोती * ४

आधी भाषेत नुसतं "शेतकरी" होतं. मेहताजी म्हणाले, "अहो साहेब, असं कोण बोलतं? शेतकऱ्याकडून म्हणा की." बरोबरच होतं. शब्द बदलला, बिल्ड हिरवं, रिव्ह्यू पास, आणि आमच्या टेस्टरने पहिलाच नियम टाकला तर हे आलं:

ओळ १: अनपेक्षित शेतकऱ्याकडून, अपेक्षित शेतकर्‍याकडून किंवा खरेदीदाराकडून

तिने स्क्रीनशॉट टाकून खाली फक्त "???" लिहिलं. त्यापेक्षा जास्त काय लिहिणार, स्क्रीनवर दोन्ही शब्द सेम टू सेम.

पुढचं कळायला बायसनमध्ये टोकनचं नाव आणि टोकनचं टोपणनाव, म्हणजे एलियस, यातला फरक माहीत हवा, तो पटकन सांगतो. (खरा कोड रोमनमध्ये आहे, इथे देवनागरीत उतरवलाय, समजून घ्या.) डिक्लरेशन असं असतं:

%टोकन फार्मर "शेतकऱ्याकडून"
%टोकन बायर "खरेदीदाराकडून"
%टोकन लेस_ईक्वल "<="

फार्मर हे नाव. बायसन त्याचा सी भाषेच्या इनममधला, म्हणजे नाव-आकड्यांच्या यादीतला, एक आकडा करतो, २५८ पासून पुढे चालू, आणि लेक्सरने तोच परत द्यायचा असतो. अवतरणातली स्ट्रिंग म्हणजे एलियस. ती दोन ठिकाणी चालते: व्याकरणाच्या नियमात नावाच्या जागी थेट लिहिता येते, आणि एररमध्ये नावाऐवजी तीच छापली जाते. लेक्सरला तिचा पत्ताही नसतो. "<=" लिहिलं म्हणून फ्लेक्स ते आपोआप ओळखेल असं नवीन लोकांना हमखास वाटतं, तसं काहीही होत नाही, फ्लेक्समध्ये पॅटर्न वेगळा लिहायलाच लागतो.

याक म्हणजे बायसनच्या आधीचं याच कामाचं टूल, त्या मूळच्या याकमध्ये ही सोय नाहीच. रॉबर्ट कॉर्बेटने लिहिलेल्या बायसनला रिचर्ड स्टॉलमनने याकशी जुळतं केलं आणि अनेक अक्षरी स्ट्रिंगची सोय विल्फ्रेड हॅन्सनने घातली. याकसुसंगतीच्या वॉर्निंग चालू केल्या तर बायसन आजही कुरकुर करतो की पॉझिक्स या प्रमाणाप्रमाणे याकला अशा स्ट्रिंग चालत नाहीत.

आमच्यासाठी मात्र एलियस म्हणजे हौस नव्हती. बायसनमध्ये टोकनचं नाव देवनागरीत ठेवताच येत नाही, इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, टिंब, डॅश एवढंच चालतं. म्हणजे मेहताजींना स्क्रीनवर "फार्मर" न दिसता त्यांचा शब्द दिसायला हवा असेल तर एलियसशिवाय मार्ग नाही.

आणि नियमातही आम्ही एलियसच वापरत होतो, कारण वाचायला मस्त वाटतं:

कोणाकडून: "शेतकऱ्याकडून" | "खरेदीदाराकडून"

आता तपास. पहिला संशय नेहमीप्रमाणे कॉन्फ्लिक्टवर, म्हणजे व्याकरणात पार्सरला एकाच जागी दोन मार्ग दिसण्यावर, कारण बायसनमध्ये काही विचित्र झालं की सगळे आधी शिफ्ट-रिड्यूसकडेच बोट दाखवतात. बायसनच्या काउंटरएक्झाम्पलच्या ऑप्शनने रन केलं, कॉन्फ्लिक्ट शून्य. दुसरा संशय फ्लेक्सवर: आमच्याकडे हमाली, तोलाई असे शब्द "नाव" म्हणून पकडणारा एक मोठा पॅटर्न आहे, तो कीवर्डच्या आधी लिहिला गेला असेल तर कीवर्ड गिळतो, कारण दोन पॅटर्नची लांबी सारखी आली की फ्लेक्स फाईलमध्ये जो वर आहे तो घेतो. पण एरर नीट वाचली तर हा संशय तिथेच संपतो. लेक्सरने "नाव" दिलं असतं तर "अनपेक्षित नाव" आलं असतं. इथे "अनपेक्षित शेतकऱ्याकडून" आहे, म्हणजे लेक्सरने फार्मर बरोबर दिलाय, पार्सरलाच तो नकोय. हे आमच्या सीनियर मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं आणि लेक्सर उघडून बसलेल्या दोघांनी तो गुपचूप बंद केला.

ट्रेस, म्हणजे पार्सरच्या प्रत्येक पावलाची नोंद, चालू केला. त्यातही तेच, पुढचं टोकन शेतकऱ्याकडून, आणि लगेच एरर.

उलगडा झाला तो बायसनच्या रिपोर्ट फाईलमध्ये, जी फार कमी लोक उघडतात. सुरुवातीलाच व्याकरणात न वापरलेल्या टर्मिनल्सची, म्हणजे टोकनांची, यादी असते. त्या यादीत शेतकऱ्याकडून! आणि खाली, कुठलं टर्मिनल कोणत्या नियमात आहे त्या यादीत, परत शेतकऱ्याकडून, वेगळ्या नंबरने. म्हणजे बायसनच्या लेखी ही दोन टोकन होती. एक डिक्लेअर केलेलं, लेक्सर देतो ते, पण कुठल्याच नियमात नसलेलं. दुसरं नियमात असलेलं, पण लेक्सर कधीच न देणारं.

दोन का झाली? "ऱ्या" मुळे. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरेक्टर, मग य. फॉन्ट दोन्ही सारखंच दाखवतो, पण बाइट वेगळे, पहिल्यात ऱ आणि हलन्त मिळून सहा, दुसऱ्यात जॉइनर धरून नऊ. डिक्लरेशन एकाने ऑफिसच्या मशीनवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केलेलं, तिथे ऱ ला स्वतःची की आहे. नियम दुसऱ्याने घरून, कोपरखैरण्याहून, फोनेटिक टूलने टाइप केलेला, ते टूल जॉइनरवालं देतं. रिव्ह्यू करणाऱ्याने डिफमध्ये काय बघायचं? दोन्हीकडे तोच शब्द.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं की सुटेल असं एकजण म्हणाला. नाही सुटत. नॉर्मलायझेशन ऱ ला र अधिक नुक्त्याशी जुळवतं, जॉइनरवाल्या रूपाशी त्याचा काही संबंध नाही. युनिकोडच्या हिशोबाने त्या वेगळ्या स्ट्रिंग आहेत आणि राहतील.

पण खरं बोलायचं तर युनिकोडवर राग काढण्यात अर्थ नाही. साध्या स्पेलिंगच्या चुकीनेही हेच झालं असतं, कारण नियमात लिहिलेली स्ट्रिंग कुठल्याच टोकनशी जुळली नाही तर बायसन तक्रार करत नाही, मुकाट्याने त्या स्ट्रिंगचं नवं टोकन बनवतो. नावाच्या बाबतीत तो कडक आहे, डिक्लेअर न केलेलं नाव नियमात वापरलं तर एरर देऊन थांबतो. स्ट्रिंगला सगळं माफ. ही ढिलाई पकडायला नवीन बायसनमध्ये डँगलिंग-एलियस नावाची वॉर्निंग आहे, जी लोंबकळणारी, कुठल्याच नावाला न बांधलेली स्ट्रिंग दाखवते. आणि गंमत म्हणजे "सगळ्या वॉर्निंग चालू" म्हटलं तरी ही त्यात येत नाही! तिचं नाव घेऊनच चालू करायला लागते. आमच्या बिल्डमध्ये सगळ्या वॉर्निंग चालू होत्या, म्हणून सगळे निवांत होते.

अजून एक विनोद. थोड्याच दिवसांपूर्वी आम्ही एररचा मोड "व्हर्बोज" वरून "डिटेल्ड" वर नेला होता. व्हर्बोज जुना मोड आहे, त्यात देवनागरी एलियसचं भजं होतं, कारण तो टोकनची नावं सीच्या स्ट्रिंगसारखी एस्केप करून, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा आकडा लिहून, ठेवतो. "तर" ची एरर आमच्याकडे अशी यायची:

अनपेक्षित "\३४०\२४४\२४४\३४०\२४४\२६०"

हे मेहताजींना दाखवणार का? २०२० मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीपासून डिटेल्ड मोड आहे, त्यात एलियस जशीच्या तशी छापली जाते, म्हणून तिकडे गेलो. पण आता संशय नक्की करायला मुद्दाम परत व्हर्बोज लावला, आणि त्या भज्यात दोन शब्दांचा फरक सरळ दिसला, एकात \२६१\३४०\२४५\२१५ आणि दुसऱ्यात \२६०\३४०\२४५\२१५\३४२\२००\२१५. शेवटचे ते तीन म्हणजे जॉइनर. डिबगसाठी व्हर्बोज बिल्डचं एक टार्गेट आम्ही अजून ठेवलंय.

दुरुस्ती काय करायची यावर टीममध्ये जरा वाजलं. एका बाजूचं म्हणणं, एलियस नियमात राहू दे, वॉर्निंग चालू करा आणि तिला एरर बनवा, विषय संपला. दुसरी बाजू, ज्यात मी होतो, म्हणत होती की नियमात फक्त नावं, एलियस फक्त डिक्लरेशनमध्ये. कारण एलियसचं खरं काम माणसाला दाखवायचं लेबल आहे, आणि लेबल मार्केटमधल्या माणसांच्या सांगण्यावरून बदलणारच, आज "शेतकऱ्याकडून", उद्या कोणी म्हणेल "मालवाल्याकडून", त्यासाठी व्याकरणाला हात का लावायचा? शेवटी मधलं ठरलं. चिन्हं, म्हणजे "<=", "*" वगैरे, नियमात एलियसनेच, कारण लेस_ईक्वल असलं काही वाचण्यापेक्षा ते हजारपट बरं. मराठी शब्द मात्र नावानेच. आणि वॉर्निंग चालू, एररच्या दर्जावर. ती चालू केल्यावर लगेच अजून एक लोंबकळणारी स्ट्रिंग सापडली, एका नॉनटर्मिनलच्या, म्हणजे टोकन नसलेल्या, व्याकरणातल्या नियमाच्या नावाच्या, टाइपच्या ओळीत कोणीतरी एलियस समजून "अट" लिहिलं होतं. नॉनटर्मिनलला एलियस नसतेच, बायसनने त्याचं "अट" नावाचं भलतंच टोकन करून ठेवलं होतं. कोणाला त्रास नव्हता, पण रिपोर्टमध्ये पडून होतं.

नावांवरून आठवलं, नावांचाही एक त्रास आधी झाला होता. आवक आणि जावक यांच्या टोकनांना आम्ही इन आणि आउट अशी नावं दिली होती, कॅपिटलमध्ये. लिनक्सवर मजेत चाललं. गाळ्यांवर सगळीकडे विंडोज, तिथे बिल्ड केलं की इनम फुटायचा, कारण विंडोजच्या हेडरमध्ये याच नावाचे मॅक्रो, म्हणजे कंपाइलच्या आधीच शब्द बदलून टाकणाऱ्या व्याख्या, आहेत आणि तेही रिकामे, म्हणजे इनममध्ये नाव गायब होऊन नुसतं "= २५९" उरतं. कॉन्स्ट, डिलीट, एरर या नावांचेही मॅक्रो तिथे आहेत. उपाय म्हणजे बायसनमध्ये टोकन प्रीफिक्सची सेटिंग, ती लावली की सीच्या बाजूला सगळी नावं टॉक_ लागून येतात, व्याकरणात मात्र विनाप्रीफिक्सच लिहायची. लेक्सर तेवढा बदलायला लागतो. हे पहिल्या दिवसापासून लावून टाकावं असं माझं मत.

व्याकरण दुरुस्त झालं, बिल्ड वाशीला गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी मेहताजींचा फोन. "साहेब, ते नाव नाव करतंय." त्यांच्या स्क्रीनवर:

ओळ ३: अनपेक्षित नाव, अपेक्षित शेतकऱ्याकडून किंवा खरेदीदाराकडून

"मी शेतकऱ्याकडूनच लिहिलंय की हो."

लिहिलं होतंच. पण त्यांचं टायपिंगचं टूलही जॉइनरवालं. या वेळी दोष लेक्सरच्या बाजूला होता, फ्लेक्स बाइटवर चालतो, त्याला कीवर्डचे बाइट जुळले नाहीत, म्हणून तो शब्द मोठ्या "नाव" पॅटर्नमध्ये गेला. बघा, एररमधला "अनपेक्षित" नंतरचा शब्द कुठल्या बाजूला बघायचं ते बरोबर सांगतो. आधीच्या वेळी तिथे कीवर्ड होता, आता "नाव" आहे.

इथे एकाने सुचवलं की फार्मरला दोन एलियस देऊन टाकू, दोन्ही रूपांच्या. बायसन देऊच देत नाही, एका टोकनला एकच स्ट्रिंग, दुसरी दिली की एरर. आणि दिली असती तरी काय उपयोग, एलियस लेक्सरपर्यंत पोचतच नाही. फ्लेक्समध्ये त्याच टोकनसाठी दोन पॅटर्न लिहिता येतात, पण मग "ऱ्या", "ऱ्ह" असलेल्या प्रत्येक शब्दाचे दोन पॅटर्न, आणि मेहताजींनी स्वतः ठेवलेल्या नावांचं काय? "वाऱ्याचं" नावाची काही कपात त्यांनी एका रूपात लिहिली आणि खालच्या ओळीत दुसऱ्या रूपात वापरली तर? म्हणून लेक्सरला देण्याआधीच मजकूर सरळ करायचं ठरलं: र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की त्याचा ऱ, हलन्त करायचा. बदल जेमतेम दहा-बारा ओळींचा. एकच भान ठेवायला लागलं, या बदलाने ओळीची लांबी तीन बाइटने कमी होते, त्यामुळे एररमधला कॉलम चुकतो. आम्ही कॉलम दाखवतच नाही, नुसती ओळ दाखवतो, तेव्हा सुटलो.

आणि हीच दुरुस्ती करणारी स्क्रिप्ट व्याकरणाच्या आणि लेक्सरच्या फाईलवरही बिल्डच्या आधी चालते, म्हणजे कोणी घरून कशानेही टाइप करो.

राहिलं एररचं मराठी. डिटेल्ड मोडमध्ये वाक्याचा साचा ठरलेला, "अनपेक्षित अमुक, अपेक्षित तमुक किंवा ढमुक", शब्द मराठीत करता येतात पण रचना तीच. आम्हाला हवं होतं "इथे शेतकऱ्याकडून किंवा खरेदीदाराकडून यायला हवं होतं". त्यासाठी कस्टम मोड, हाही ३.६ पासून. त्यात एरर छापायचं फंक्शन आपण लिहायचं, आलेलं टोकन कोणतं आणि अपेक्षित कोणकोणती हे बायसन देतो. पहिल्याच प्रयत्नात मराठीचं लिंग आडवं आलं: संख्या हवी होती, कंस हवा होता, नाव हवं होतं. एलियसमध्ये लिंग कुठे ठेवणार? टोकननिहाय एक तक्ता करून बघितला, पण दोन अपेक्षित टोकन दोन लिंगांची आली की वाक्य पुन्हा अडतं. मग क्रियापदच टाळलं:

ओळ ३: "तर" इथे अडलं. चालेल असं: संख्या, नाव, (

टेलिग्रामसारखं वाटतं खरं, पण मेहताजींना हेच आवडलं, वाचायला कमी.

अपेक्षित टोकनांच्या यादीबद्दल एक सांगायचं राहिलं. व्हर्बोज आणि डिटेल्डमध्ये अपेक्षित टोकन चारपेक्षा जास्त असली की बायसन यादीच छापत नाही, फक्त अनपेक्षित काय ते सांगतो. आमच्या गणिताच्या जागी पाच-सहा गोष्टी चालतात, तिथे मेहताजींना यादी कधीच दिसायची नाही आणि आम्हाला वाटायचं एलियसच द्यायची राहिली असेल. कस्टममध्ये किती मागायची ते आपल्या हातात. शिवाय एलएएलआर पार्सर, बायसन नेहमी बनवतो तो प्रकार, एरर कळायच्या आधी पुढचं टोकन न बघताच एखादा नियम पूर्ण करून, म्हणजे डीफॉल्ट रिडक्शन करून, बसतो, त्यामुळे यादी अर्धवट येऊ शकते. त्यासाठी लॅकची, म्हणजे लुकअहेड करेक्शनची, सेटिंग "फुल" करावी लागते, थोडा वेळ जास्त जातो, पण दोनशे ओळींच्या नियमांच्या फाईलला कोण मोजतंय.

आता नवीन मागणी आलीये, मसाला मार्केटच्या एका गाळ्याला एरर गुजरातीत हव्यात, नियम मराठीच चालतील म्हणाले. बायसनमध्ये एलियसला अंडरस्कोर आणि कंस लावून ती भाषांतरासाठी खुली करता येते. आम्ही ते फक्त "संख्या", "नाव", "ओळीचा शेवट" आणि फाईलच्या शेवटाचं टोकन, एवढ्यांनाच लावलंय. कारण ही वर्णनं आहेत, ती टाइप करायची नसतात. "शेतकऱ्याकडून", "जर", "तर" हे मात्र जसेच्या तसे टाइप करायचे शब्द. त्यांचं गुजराती करून एररमध्ये दाखवलं तर माणूस तेच टाइप करणार, आणि पार्सर परत म्हणणार अनपेक्षित नाव. हे त्या शेठना फोनवर समजवायला पार्सर लिहायला लागला त्याहून जास्त वेळ लागला असेल, पण पटलं त्यांना. भाषांतराची फाईल करायला दिलीये, तपासून त्यांचेच मेहताजी देणार आहेत.